राबावरचं गाडीघर

प्रतिभा : हलत नाही हो दार. खांदा लावून पाहिला. वर घट्ट बसलंय आणि खाली बोटभर फट पडलीय.

रोहिदास : थांब, जॅकला अजून दोन आटे देतो. हा कोपरा उचलला की...

प्रतिभा : नको! मघाशी कोपरा उचललात आणि तेव्हाच दाराची दातखीळ बसली.

रोहिदास : अगं, पाणसळीत बुडबुडा बरोबर मध्ये आला होता. मग दरीकडचं चाक खचलं कसं, तेच कळत नाही.

प्रतिभा : खिडकीतून उतरू का?

रोहिदास : जाळ्या आहेत ना.

प्रतिभा : हो की. वानरं आत येऊ नयेत म्हणून तुम्हीच ठोकल्यात. वानरं बाहेर राहिली आणि बायको आत. भट्टी झालीय इथे. पाऊल टाकलं तरी तुमचं हे अख्खं गाडीघर कलतं.

रोहिदास : तू ओट्याला धरून मध्येच उभी राहा. गाडी इथवर ओढून आणली त्या हरेशला जीप घेऊन परत बोलावलं असतं, पण फोनला रेंज नाही. तो खोडाळ्याला पोचलाही असेल. आणि उद्या पाहुणे! गाडीघरात पैसे देऊन राहणारे पहिलेच. त्यांना सांगून बसलोय, चुलीवरची नागलीची भाकरी, बाईंच्या हातची.

प्रतिभा : उद्या रविवार, करीन. सोमवारी माझ्या चौथीची परीक्षा आहे.

रोहिदास : सोमवारचं टेन्शन घेऊ नकोस. मी तुझ्या मुख्याध्यापक सरांशी बोललोय.

प्रतिभा : काय बोललात?

रोहिदास : बाहेर आलीस की निवांत सांगतो.

प्रतिभा : आत्ता सांगा. मी कुठे पळून जातेय?

रोहिदास : वर्षभराची बिनपगारी रजा. काल शुक्रवारीच अर्ज दिलाय तुझ्या नावाने. सोमवारी सर पुढे पाठवतील.

प्रतिभा : आणि सही?

रोहिदास : केली मीच. घरच्याच माणसाने केली ना? परक्याने थोडीच केली?

प्रतिभा : अठरा वर्षं झाली मला शाळेत. एका शब्दाने विचारलं नाहीत.

रोहिदास : विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस.

प्रतिभा : म्हणजे उत्तर माहीत होतं तुम्हाला.

रोहिदास : आपल्यासाठीच केलं गं. एकट्याने कसं झेपणार हे सगळं? पाहुणे, जेवण, अंथरुणं...

प्रतिभा : जरा गप्प बसा. आधीच श्वास कोंडलाय माझा.

रोहिदास : तो बघ, जिवा येतोय पाड्यावरून. ए जिवा! ये, हात लाव जरा.

जिवा : हात मागून लावतो. भाऊसाहेब, हा डबा माझ्या राबावर कुनी उभा केला?

रोहिदास : तुझा राब आहे हा? मला वाटलं जागा रिकामीच आहे. चांगली सपाट, साफ...

जिवा : रिकामी? माझ्या बायकोनं, रखमीनं महिनाभर डोक्यावर पाला वाहिला, शेन पसरलं, तवा कुठं राब भाजून झाला. पावसाला हितं नागलीचं रोप टाकायचं हाय. भाजलेली माती भुसभुशीत, बैलाचा पाय रुततो, तुमचं चाक काय हवेत ऱ्हानार? तुमच्या बापानं जन्मभर राब भाजला आन् तुमाला वळखू आला नाय?

रोहिदास : पंचवीस वर्षं कचेरीत खुर्ची उबवली रे. विसरलो.

प्रतिभा : जिवादादा, मी आत अडकलेय.

जिवा : कोन, बाई? आमच्या रविनाच्या बाई? अरे देवा! हलू नका तुमी. भाऊसाहेब, जॅकला अजिबात हात लावू नका.

रोहिदास : मग गाडी वर उचलायची कशी?

जिवा : उचलायचीच नाय. एका कोपऱ्यानं उचलली म्हनून तं सगळा डबा पिळवटला. तुमी खालच्या चाकाला ती जाड फळी टेकवा. वरच्या अंगाला माती टनक हाय, मी त्या चाकाखालची थोडी थोडी काढतो. वरचं चाक खाली बसलं की डबा सरळ. मग जॅक सोडा, एकेक आटा.

(बराच वेळ कुदळीचे घाव. मग एक लांबलचक करकर, आणि दार आपसूक उघडतं.)

रोहिदास : उघडलं! उतर, प्रतिभा. हात दे.

प्रतिभा : जिवादादा, फोनला रेंज कुठे येते?

जिवा : वरच्या टेपाडावर, मोहाच्या झाडाशी. अर्धा तास चढाय लागतो.

प्रतिभा : ऐकलंत? जा. सरांना फोन करा. सांगा, तो अर्ज प्रतिभाचा नाही, सही मी केलीय.

रोहिदास : अगं, सरकारी माणूस मी. खोटी सही म्हटल्यावर माझं काय होईल?

प्रतिभा : ते शुक्रवारी सुचायला हवं होतं. तुम्ही नाही सांगितलंत तर सोमवारी मी सांगेन.

रोहिदास : आणि उद्याचे पाहुणे?

जिवा : पाहुने येवोत नाय तं जावोत, राबावर चूल पेटायची नाय. जीप आली की डबा हलवा.

रोहिदास : बरं, जातो. करतो फोन. पण तू आधी खाली उतर ना. दार उघडलंय.

प्रतिभा : दिसतंय मला. फोन करून या, मग उतरते.

जिवा : बाई, तवर सावलीत तरी चला. घामानं भिजलात.

प्रतिभा : नको, जिवादादा. मघाशी मी अडकले होते. आता बसलेय.