गाळणी स्टीलची होती

अध्यक्षस्थानी असलेल्या सरपंच राहीबाई, आजचे सत्कारमूर्ती डॉ. अमृतराव, व्यासपीठावरील मान्यवर आणि इथे जमलेले माझे तिसगावकर, सर्वांना नमस्कार. मी नूरमहंमद, बाजारपेठेतला शिंपी. संयोजकांनी बोलायला माझंच नाव का घेतलं असेल? डॉक्टरांनी तर सुचवलं नसणार.

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या किडनीवरची गाठ काढली. किडनी वाचवली, मला वाचवलं. ते उपकार मी मरेपर्यंत मानीन. गेल्या वर्षी मात्र लघवीला आग होऊ लागली, रक्त दिसू लागलं. डॉक्टर म्हणाले, खडा असेल. लघवी गाळून बघा, पडेल ते बाटलीत घालून आणा. आठव्या दिवशी गाळणीत आला तो पांढरा प्लास्टिकचा तुकडा. नखाएवढा, एका टोकाला वळलेला.

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली आणि लगेच म्हणाले, "चहाच्या गाळणीचा तुकडा दिसतोय." इतक्या लगेच? माझी बायको सुरय्या सोबत होती. तिनं पिशवीतून गाळणी काढून टेबलावर ठेवली. "साहेब, आमची गाळणी स्टीलची हाय." (ती परत चहाला वापरली नाही, काळजी नसावी.)

मग तपासणी झाली. ऑपरेशनच्या वेळी रक्तवाहिनी बंद करायला लावलेला, कायम आतच राहणारा प्लास्टिकचा बारका चिमटा हळूहळू सरकत लघवीच्या वाटेत उतरला होता. असं क्वचित होतं म्हणे. त्यात डॉक्टरांचा दोष नसेलही. मी एवढंच विचारलं, "एकूण किती लावले होते?" "कागद बघून सांगतो," म्हणाले. त्याला वर्ष झालं. कधी कपाटाची किल्ली सापडत नाही, कधी सिस्टर रजेवर. आता डॉक्टर दवाखाना बंद करून मुलीकडे परदेशी निघालेत. ते कपाट कुठं जाणार आहे?

उद्या पुन्हा आग झाली, तर तो खडा की दुसरा चिमटा, हे नव्या डॉक्टरांना कोण सांगणार? मला भीती वाटते, आणि थोडा संशयही येतो. लाज सोडून बोललो.

इथे बोलू दिलंत, त्याबद्दल संयोजकांचा आभारी आहे. आनंदाच्या प्रसंगी जीभ घसरली असेल, तर मोठ्या मनानं सोडून द्या. आणि डॉक्टर, आज तुमच्या अंगावर आहे तो कोट मीच शिवलाय. शिवताना अकरा टाचण्या लावल्या होत्या, तुमच्या हाती देण्याआधी अकरा मोजून काढल्या. माझ्या पोटात किती राहिलेत, तेवढं सांगून जा.