खड्ड्यातली जागा

को थाइक : नाही काकू, चहा नको. आधी काकांना विचारा, परवा ते गिरणीच्या गोऱ्या साहेबाकडे कशाला गेले होते?

दॉ म्या : दिव्यांची पौर्णिमा आहे. सगळं मौलमेन थोरांच्या पाया पडतंय, आणि हा आल्या आल्या भांडतोय! अहो, ऐकलंत का? तुमचा शिकाऊ थाइक आलाय.

ऊ न्युन : ऐकतोय. डोळे अधू झालेत, कान नाहीत.

को थाइक : नव्या गिरणीने आमची हातकरवत बंद पाडली. तिथे वाफेच्या करवतीखाली भुशाचा खड्डा आहे. तो उपसायला कुणी तयार होईना. काकांनी हो म्हटलं!

दॉ म्या : काय? मला तर म्हणालात, बसून करायचं काम आहे!

ऊ न्युन : बसूनच करायचं. छत इतकं ठेंगणं, की उभं राहायचा प्रश्नच नाही.

को थाइक : आणि बदल्यात माझ्यासाठी नदीवरचं काम मागितलंत. सागाचे तराफे आणायचं.

ऊ न्युन : नदीवर हवा चांगली असते. गिरणीतल्या भुशात तुझी छाती टिकायची नाही.

को थाइक : माझ्या छातीपायी जन्मभर खड्ड्यातच राहणार का? हातकरवतीचा रिवाज काय? उस्ताद वर ओंडक्यावर, शिकाऊ खाली खड्ड्यात, करवत दोघांच्या हाती. मी खाली उतरलो आणि खोकल्यातून रक्त पडलं. तुम्ही मला बाहेर ओढलंत आणि स्वतः उतरलात. तेव्हापासून सगळा भुसा तुमच्या डोळ्यांत.

दॉ म्या : लोक काय हसले होते! माझी सख्खी बहीण म्हणाली, परक्याचे पाय रोज नवऱ्याच्या डोक्यावर, घरातलं पुण्य धुऊन जाईल. मीही तुला करपलेला भात वाढायचे, ठाऊक आहे?

को थाइक : ठाऊक आहे. खायचोही.

दॉ म्या : मग पहिल्याच दिव्यांच्या पौर्णिमेला तू आलास. साऱ्या गल्लीदेखत जमिनीला डोकं टेकवून माफी मागितलीस. त्या दिवसापासून माझा राग गेला बघ.

को थाइक : दरवर्षी तेच करतो, तेच म्हणतो. काका, वर्षभर तुमच्या डोक्यावर उभा राहिलो, क्षमा करा. पण आज माफी मागायला आलो नाही. आज उपकार मानायला आलोय. काल लेकीला खांद्यावर घेऊन टेकडीवरच्या पॅगोड्यापर्यंत चढलो. दम लागला नाही. वर पोचलो आणि रडूच आलं. हा श्वास तुमचा आहे, काका.

ऊ न्युन : पुरे. मग तो श्वास नदीवर ने.

को थाइक : साहेबाला सांगून आलो. काका खड्ड्यात उतरणार नाहीत.

दॉ म्या : शाबास!

ऊ न्युन : अरे वेड्या! दोन्ही कामं एकाच दोरीला बांधली होती. तुझंही गेलं ना?

को थाइक : गेलं. साहेबाने दार दाखवलं.

ऊ न्युन : आता लेकीला काय खाऊ घालशील? माझे आभार?

को थाइक : ऐकून तर घ्या. तसाच नदीकाठच्या कादोला गेलो, तराफेवाल्यांच्या मुकादमाकडे. त्यांचा साहेबाशी संबंध नाही. तराफ्यावर दोघं लागतात, पुढे वासा धरणारा आणि मागे वल्हं सांभाळणारा. म्हटलं, माझा जोडीदार आहे. खड्ड्यात तोंड उघडलं तर भुसा जातो, म्हणून वर्षानुवर्षं आम्ही करवतीच्या हिसक्यावरच एकमेकांशी बोललोय. असा वल्हेकरी तुम्हाला मिळायचा नाही.

ऊ न्युन : डोळ्यांचं सांगितलंस?

को थाइक : सांगितलं. तो म्हणाला, मग प्रवाह कसा दिसणार? म्हटलं, डावं-उजवं मी सांगेन. खो खो हसला. म्हणाला, या दोघेही, पण तराफा बुडवलात तर पोहत परत या.

दॉ म्या : अहो, हो म्हणा की! पोर इतकी धावपळ करून आलंय.

(ऊ न्युन लुंगीच्या टोकाने डोळे पुसतात.)

को थाइक : काका? येणार ना?

ऊ न्युन : येईन. पण डावं-उजवं नुसतं ओरडून सांगायचं नाही.

को थाइक : मग?

ऊ न्युन : मागे वळून सांगायचं. कामावर आजवर तुझे तळवेच पाहिले मी. तोंडही पाहून घेतो, दिसतंय तोवर.