‘वेल्लामो’ बोटीची दारे-खिडक्या चोरीस गेल्याबाबत

माझे नाव तौनो हुर्सकाइनेन, वय ७३, पूर्वी लाकडाचे ओंडके ओढणाऱ्या बोटीवर इंजिनवाला, सध्या पेन्शनर, राहणार कुइकानिएमी, हौकिवेसी तळ्याकाठी. चोरीची तक्रार मीच दिली होती. त्याच तक्रारीसंबंधी आज पुन्हा ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय सांगतो ते असे की,

‘वेल्लामो’ ही केबिनची लाकडी मोटारबोट माझ्या मालकीची आहे. ती माझ्या वडिलांनी बांधून घेतली होती. तिचे बूड आणि इंजिन अजून ठणठणीत आहे, परंतु केबिनची दोन दारे व सहा खिडक्या पार कामातून गेल्या होत्या. चौकटी खालून कुजल्या होत्या, काचा खुळखुळत होत्या, पाऊस आला की आतल्या बाकावर पाणी. दारे इतकी फुगली होती की खांदा लावल्याशिवाय उघडत नसत. माझे हात कापतात, करवत धरवत नाही. म्हणून मी गावच्या मंडळींना शब्द दिला, की जूनमध्ये युहान्नुसच्या सणाला तळ्याकाठी होळी पेटवाल तीत यंदा ‘वेल्लामो’ घ्या. जुनी बोट अशी जाळणे ही आमच्याकडची रीतच आहे. शब्द देऊन घरी आलो आणि त्या दिवशी मला जेवण गेले नाही, हेही लिहून घ्यावे.

एप्रिलमध्ये बोट ठेवतो त्या शेडमध्ये गेलो, तर दारे व खिडक्या जागेवर नव्हत्या. केबिनला नुसती भोके. जी बोट आपणच जाळायला दिली तिच्या दारांसाठी पोलिसांत जाणे हा शुद्ध वेडेपणा आहे, हे मला तेव्हाही कळत होते. तरी गेलो, कारण माझा जीव जळत होता.

कोणावर संशय नाही, असे मी तक्रारीत लिहून दिले होते. त्याबाबत खुलासा करतो. मार्चमध्ये माझी शेजारीण लाह्या पेसोनेन गोठलेल्या तळ्यावरून घसरगाडी ओढत घरी चालली होती. गाडीवर ताडपत्रीखाली काहीतरी चौकोनी होते. मी धक्क्यावर उभा होतो. तिने मान हलवली, मी हात वर केला. दुसऱ्याच्या गाडीवर काय आहे हे आमच्याकडे विचारत नाहीत, ते भोचकपणाचे समजतात. ताडपत्री माझीच होती हे माझ्या ध्यानात नंतर आले.

शेजारपाजारच्या तपासात फौजदार रेपोबाई लाह्याकडे गेल्या तेव्हा मी सोबत होतो. तिच्या सुतारकामाच्या खोलीत दारे व खिडक्या भिंतीला टेकून ओळीने उभ्या होत्या. तेथे झालेले बोलणे असे.

“मावशी, ही दारं कुणाची?”

“तौनोची.”

“मग तुमच्याकडे कशी?”

“चोरली. लिहा तसं.”

“अगं, मला विचारायचं तरी होतंस,” मी म्हणालो.

“विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?”

“राहू दे, कशाला उगाच त्रास.”

“मग? तुझं छप्पर गळत होतं तेव्हाही हेच म्हणालास. न विचारता केलं तरच तुझं काम होतं, मेल्या.”

मालाची पाहणी मी स्वतः केली. कुजलेला भाग तेवढाच कापून तिथे नवे लाकूड असे बसवले आहे की सांधा डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागतो. जुने चांगले लाकूड तिने एक बोटभरही टाकलेले नाही. पितळी कड्या घासूनपुसून त्याच लावल्या आहेत. खिडक्या एका बोटाने सरकतात. खालच्या चौकटीला तिने बारीक उतार दिला आहे, म्हणजे पाणी आत न येता बाहेर पडावे. हे आमच्या वडिलांनाही सुचले नव्हते. मी एक दार उघडून पाहिले, लावून पाहिले, पुन्हा उघडले. रेपोबाई घड्याळाकडे बघू लागल्या तेव्हा थांबलो.

रेपोबाईंनी लाह्याला समजावले, की चोरी कबूल केलीत तर तुमच्यावर गुन्हा दाखल होईल, नेण्याला मालकाची संमती होती असे सांगा.

“नव्हती,” लाह्या म्हणाली. “आणि खटला संपेपर्यंत मुद्देमाल जाळता येत नाही ना? मग करा जप्त. ही दारं होळीत जाण्यापेक्षा मी कोर्टात जाईन.”

यावर माझे म्हणणे असे. ‘वेल्लामो’ होळीत जाणार नाही. मंडळींना मी तसे कळवले आहे. “मग आता काय जाळायचं, तुझी सौनाची न्हाणी?” असे ते म्हणाले. मी त्यांना माझ्या धक्क्याच्या जुन्या फळ्या देऊ केल्या आहेत. दारे व खिडक्या नेण्यास माझी संमती होती. मी हात वर केला होता, आणि आमच्या गावात लग्नालासुद्धा याहून मोठी संमती कोणी देत नाही. लाह्या पेसोनेन हिच्याविरुद्ध माझी कसलीही तक्रार नाही.

आणखी काही सांगायचे आहे का असे विचारल्यावरून सांगतो, की लाह्या बाहेर बाकावर बसली आहे. काम फार सुंदर झाले आहे. ती दारे-खिडक्या बघून मला पुन्हा पाण्यावर जावेसे वाटते. तिचे माझ्यावर उपकार आहेत. हे तिच्या तोंडावर मला बोलता येणार नाही, आणि बोललो तर ती उठून जाईल.

वरील जबाब माझ्या विनंतीवरून खोलीचे दार सताड उघडे ठेवून मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. शेवटचा परिच्छेद, तोही माझ्याच विनंतीवरून, दोनदा वाचण्यात आला.

सही/-
तौनो हुर्सकाइनेन