बारमधला हत्ती

आपल्या गल्लीत बार नको, असा अर्ज घेऊन मल्हारगंजच्या मंगलाताई आबकारी कचेरीत बसल्या होत्या. शेजारी बंद पडलेल्या मिलचे दोन कामगार येऊन टेकले आणि बोलता बोलता कळलं, बार त्यांचाच.

"नक्शा पास होईल ना, धम्मपाल?"

"होईल की, तुकोजी भिया. फक्त साहेब विचारतील, मधोमध एवढी जागा रिकामी का."

"मग काय सांगायचं?"

"हत्ती उभा राहणार म्हणून."

"बारमध्ये हत्ती?"

"आपल्या झांकीतला हो. मिलला कुलूप लागल्यापासून गोदामात धूळ खातोय. बटन दाबलं की सोंडेतून पाणी उडवेल. लोक बघतच बसतील."

"आणि अनंत चतुर्दशीला?"

"त्या दिवशी बार बंद. हत्ती विसर्जनाच्या मिरवणुकीत, झांकीच्या गाडीवर जाणार."

"गिऱ्हाईक चिडेल ना यार."

"चिडू दे. लायसन भेटो नाहीतर न भेटो, हत्ती रस्त्यावर निघाला पाहिजे."

मंगलाताईंना राहवलं नाही.

"मागच्या साली का नाही आणलात त्याला? पहाटेपर्यंत मिरवणूक बघत उभी होते मी राजवाड्यावर."

"मोटर जळली होती, ताई. आता नवीन बसवली."

"कान हलतात?"

"दोन्ही हलतात."

इतक्यात कचेरीतल्या बाबूने दारातून आवाज दिला, "मल्हारगंजच्या बारवर ज्यांची तक्रार आहे, त्या बाई कुठे गेल्या?"

"त्या घरी गेल्या, भिया," हातातल्या अर्जाने वारा घेत मंगलाताई म्हणाल्या.