मधुकर नावाचा भिडू

मंडळी, आधी हात जोडा. जोडलेत? आता डोळे मिटून त्या सावळ्याला एवढंच म्हणा — देवा, आज मला माझं तोंड दाखव! …उघडा डोळे. घाबरलात ना? मीही घाबरतो!

आता एक प्रश्न. माणसाला लाज कधी वाटते हो? वाईट केल्यावर, की वाईट उघडं पडल्यावर? मागच्या रांगेतले दादा हसले — म्हणजे उत्तर ठाऊक आहे! चोरून गूळ खाल्ला तर गूळ गोडच लागतो. आईनं पाहिलं की मग तो घशात अडकतो. खरं ना? पण मी म्हणतो, एक तिसरी लाज आहे. ती या दोन्हींपेक्षा वाईट. ती कोणती, ते आख्यानात बघू. पेटीवाले, सूर धरा. मंडळी, ऐका!

सांगलीत उमाकांत खराडे नावाचा एक तरुण. हुशार! वाईट माणूस नव्हे बरं का, हे आधीच सांगतो. वाईट माणसाची गोष्ट सांगून काय उपयोग? आपण म्हणतो, "तो तसलाच होता," आणि निवांत घरी जातो! हा आपल्यातलाच होता.

त्यानं मोबाइलवर मेंढीकोटाचा खेळ काढला. मेंढीकोट माहीत आहे ना? चौघांचा पत्त्यांचा डाव. समोर बसतो तो आपला भिडू, शेजारचे दोघे वैरी. हळू सांगा, हळू, देवळात बसलोय! खेळाचं नावच ठेवलं 'भिडू'. कराडची बाई, जतचा मास्तर, पुण्यात मुला-सुनेकडं राहायला गेलेला म्हातारा — सगळे एका डावात! पानं टाकता टाकता गप्पा लिहायच्या. "पाऊस झाला का?" "नातू चालायला लागला का?" पत्ते निमित्त हो, माणूस हवा असतो!

पण खेळ वाढला, आणि उमाकांतला वाढीची चटक लागली. त्याचा जोडीदार हर्षद. तो म्हणाला, "लोक भिडूची वाट बघत बसतात आणि कंटाळून निघून जातात. जागा रिकामी दिसली की यंत्र बसवू. यंत्रालाच पानं टाकू दे."

"लोकांना सांगायचं?"

"सांगितलं तर कोण खेळेल? नाव देऊ माणसाचं. गाव देऊ."

उमाकांत गप्प बसला. मंडळी, पाप फार वेळा बोलून होत नाही — गप्प बसून होतं!

यंत्रांना नावं मिळाली. पण गप्पा मारताना यंत्र पकडलं जाणार! मग काय केलं? गप्पाच बंद केल्या. त्या जागी तयार वाक्यांची बटणं आणली. "वा, छान!" "काय पान टाकलंत!" "काळजी घ्या!" बोट लावायचं, झालं बोलणं. आता हसू नका, आपल्या घरातही निम्मं बोलणं असंच चालतं!

खेळणाऱ्यांच्यात कुजबुज सुरू झाली. मिरजेत सायकलचं दुकान चालवणारे रफीक मुजावर, खेळणाऱ्यांचे पुढारी. त्यांनी उमाकांतला फोन केला. "उमाकांतराव, गप्पा का बंद? पान टाकायला घड्याळ लावलंत, जरा दम का खाऊ देत नाही? आणि काही भिडू फार गुळगुळीत खेळतात हो. खोकत नाहीत, चुकत नाहीत, चिडत नाहीत. खेळ नेताय तरी कुठं?"

"रफीकभाई, खेळ पुढंच नेतोय," उमाकांत म्हणाला. मोठं गोड उत्तर!

शेवटी खेळणाऱ्या मंडळींनी मिरजेत मेळावा भरवला. म्हणाले, समोरासमोर बसू, विचारू. उमाकांतला शाल दिली, नारळ दिला. आणि रफीकभाईंनी सगळ्यांसमक्ष विचारलं, "एकच सांगा. आमच्या समोर बसतं ते माणूसच असतं ना?"

उमाकांतनं शाल नीट केली आणि म्हणाला, "माणूसच असतं!"

टाळ्या पडल्या! लोकांना सुटल्यासारखं झालं हो. बघा, त्याची चोरी पकडली गेली नव्हती. तरी प्रत्येक टाळी त्याला गालावर बसल्यासारखी लागली.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आल्या. कराडच्या प्रमिलाकाकू. शाळेत शिवण शिकवायच्या, आता निवृत्त. नवरा गेलेला, तो त्यांचा मेंढीकोटातला जन्माचा भिडू. मुलं नाहीत. हातात डबा, डब्यावर लोकरीची कानटोपी.

"साहेब, मधुकर आलेत का हो? सांगोल्याचे. माझे भिडू. मघापासून शोधतेय. चेहरा माहीत नाही ना, म्हणून प्रत्येकाकडं बघत सुटलेय वेड्यासारखी!"

सांगोल्याचा मधुकर! ते नाव उमाकांतनंच ठेवलं होतं, चहा पिता पिता.

काकू सांगत होत्या, "शेंगापोळ्या केल्यात त्यांच्यासाठी, टोपीही विणलीय. फार सालस माणूस. मी चुकले तरी रागावत नाहीत. आणि डाव मोडताना न चुकता म्हणतात, 'काळजी घ्या.' माझ्या घरात असं म्हणणारं दुसरं कोण आहे सांगा!"

मंडळी, इथं दार उघडं होतं. एक वाक्य बोलायचं, की बाई, मधुकर नाही! पण टाळ्या अजून कानात होत्या. शाल खांद्यावर होती. तो म्हणाला, "त्यांना यायला जमलं नाही, काकू. द्या, मी पोचवतो."

घेतला हो डबा! घेतला!

गाडीत हर्षदनं डबा उघडला. "शेंगापोळी! घे की." उमाकांतनं एक तुकडा तोंडात टाकला. गिळवेना. थुंकवेना. बाईनं माणसासाठी लाटलेली पोळी, आणि खायला कोण? ज्यानं माणूस खोटा केला तो!

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डबा आणि टोपी घेऊन कराडला गेला. काकूंनी दार उघडलं. चेहरा असा फुलला! "पोचवलंत? काय म्हणाले?"

उंबऱ्यातच उभं राहून त्यानं सांगितलं. मधुकर नावाचं कुणी नाही. ते यंत्र आहे. नाव मी दिलं, गाव मी दिलं. "काळजी घ्या" हे वाक्यही माझंच.

काकू हळूच खुर्चीवर बसल्या. विचारलं, "आम्ही कोट केला होता, अख्खा डाव जिंकला होता. हे गेल्यावर पहिल्यांदा. मी एकटीनं घरात टाळ्या वाजवल्या. तो डाव…?"

"यंत्र मुद्दाम हरवतं-जिंकवतं, काकू. माणूस खेळत राहावा म्हणून."

तेवढ्यात शेजारच्या सुनंदावहिनी दारात डोकावल्या. "काय काकू, पाहुणे? सांगोल्याचे मधुकर आले की काय?" कारण काकूंनी गल्लीभर सांगितलं होतं ना, आपला भिडू किती चांगला ते!

प्रमिलाकाकूंनी मान खाली घातली. कानापर्यंत लाल झाल्या. आणि म्हणाल्या, "नाही गं. मीटर बघायला आलेत."

वहिनी गेल्या. काकू उमाकांतकडं न बघता बोलल्या, "बघितलंस? मुलींना जन्मभर सांगितलं, टाका उसवला तरी चालेल, लपवायचा नाही. आणि आज या वयात मी शेजारणीशी खोटं बोलले. खोटा तू रे. मग लाज मला का वाटतेय?"

मंडळी… थांबतो जरा. तबला नको. काही नको.

ही ती तिसरी लाज! अपराध एकाचा, आणि मान दुसऱ्याची खाली जाते. काठीनं मारलेलं बरं हो, वळ तरी दिसतो. उमाकांतनं पाय धरायला हात पुढं केला, तर काकूंनी पाय मागं घेतले. "डबा ठेव आणि जा," एवढंच म्हणाल्या. टोपीचं नाव काढलं नाही. ती त्याच्याच हातात राहिली.

तो तसाच मिरजेला गेला. रफीकभाईंच्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "मी काल खोटं बोललो." रफीकभाई चाकाला हवा भरत होते. नळी काढली, हात पुसले. "खोटं तुम्ही बोललात हो, पण टाळ्या आम्ही वाजवल्या. आता आम्ही कुणाकडं बघायचं?"

उमाकांतनं सगळी यंत्रं काढली. काय केलं होतं ते खेळात उघड लिहिलं, नावानिशी. गप्पा परत सुरू केल्या, आणि पहिल्या गप्पा म्हणजे शिव्या! त्यानं एकेक वाचली. हर्षद सोडून गेला. लोक तर झुंडीनं गेले. भिडू मिळाला नाही तर आता खेळात लिहून येतं — "आत्ता कुणी नाही." थोडे लोक थांबले, रफीकभाई थांबले. पण त्याला पुन्हा 'राव' म्हणाले नाहीत. प्रमिलाकाकू परत आल्या नाहीत. आल्या असत्या तर गोष्ट गोड झाली असती. पण मी गोड करणार नाही!

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठं मोबाइलचे खेळ काढतो?

हो? मग याच गावात एक म्हातारा पारावर बसून सांगतो, "माझा पोरगा दर रविवारी फोन करतो हो!" करतो का? कुणाचं पाप तो झाकतोय? एक सून माहेरी म्हणते, "पडले न्हाणीत, म्हणून काळं-निळं झालं." खोटं कुणाचं, आणि पदर कोण सारखा करतंय? आपली लाज कुणाच्या अंगावर पांघरून आपण इथं उजळ माथ्यानं बसलोय?

नावं घेत नाही मी. ज्याची त्याला कळली. मघापासून काहींच्या माना खाली आहेत, दिसतंय मला.

आता आरती लागेल, टाळ वाजतील. पण ज्याला उठून कुणाच्या तरी उंबऱ्यात जायचंय, त्यानं आरतीला थांबू नये. उठा. वाट सोडा रे त्यांना! देव इथंच आहे, तो कुठं जात नाही. ते माणूस मात्र वाट बघून बघून दार लावून घेईल.