सावंतच्या पिशवीत काय होतं

मी मूळचा कणकवलीकडचा, पण वाढलो परळला. वडील पोस्टात होते. मी आयटीआयला वायरमनचा कोर्स केला आणि लागलो तो थेट लिफ्टच्या कंपनीत. जपानी कंपनी, मुंबईच्या एका शेठजींबरोबर भागीदारीत. नाव सांगून उपयोग नाही, तिकडे जपानात तिला मोठ्या कंपनीने गिळलं, पाटीसुद्धा राहिली नाही.

काय सांगू तुम्हाला, आमचा जपानी साहेब भारी कडक. त्याचा एक नियम होता, लिफ्टमधून कुठलाही भाग काढला की पांढरं फडकं अंथरायचं, त्यावर जुना भाग ठेवायचा, शेजारी नवा, आणि गिऱ्हाइकाने मान हलवली की मगच जुना उचलायचा. सोसायटीचे सेक्रेटरी वैतागायचे, म्हणायचे, अहो राणे, मला त्यातलं काय कळतंय, उचला ते आणि चहा घ्या. पण दाखवायचं म्हणजे दाखवायचंच. त्यामुळे झालं काय, न दाखवता कोणी काही उचललं की तो चोर, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलं. माझ्या तर फारच.

मला काम शिकवलं शंकर सावंतने. माझ्याहून सीनियर, त्याच्या डब्यातली भाकरी मी खाल्लीय. पुढे कंपनीला उतरती कळा लागली, जपानहून सुटे भाग येईनात, वरून हुकूम आला की जुनी लिफ्ट बिघडली तर गिऱ्हाइकाला सांगा ही संपली, नवी घ्या. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं, सावंत जळकी कार्डं, म्हणजे लिफ्टचं डोकं म्हणा ना, फडक्यावर न ठेवता गुपचूप रेक्झिनच्या पिशवीत टाकतोय. मी त्याला विचारलं नाही. साहेबाला सांगितलं.

सगळ्यांसमोर पिशवी उघडली. दोन कार्डं निघाली. सावंत माझ्याकडे बघून म्हणाला, राण्या, विचारायचं होतंस रे. नोकरी गेली त्याची. सुपरवायझर मी झालो.

मग कंपनीतल्या त्याच्या कपाटाचं कुलूप मी तोडलं. आत कार्डं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, घरी बसून डाग देऊन दुरुस्त केलेली, आणि प्रत्येकावर कुठल्या इमारतीत बसवायचं ते स्केचपेनने लिहिलेलं. एक दादरच्या प्रसूतिगृहाचं होतं. लिफ्ट बंद पडू नयेत म्हणून तो कंपनीचा हुकूम मोडत होता. आता मी काय केलं ते सांगतो. ती कार्डं मी एकेक करून बसवली. लोक म्हणाले, राण्यांच्या हाताला गुण आहे. मी म्हणालो, देवाची कृपा. पुढे कंपनी बंद झाली, आम्ही जुने लोक वर्षातून एकदा भेटायचो, कोणीतरी सावंत चोराची गोष्ट काढायचंच, आणि मी सगळ्यांबरोबर हसायचो.

बायको गेल्यावर वैशालीने, मुलीने, मला इकडे हॉलंडमध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला आणलं. थोडे दिवस म्हणून आलो आणि कोरोनाने विमानं बंद. आलो त्याच दिवशी तिच्या इमारतीतल्या लिफ्टचं दार बंद होताना अडखळलं ना, तेव्हाच ओळखली, आमच्याच कंपनीची. वर दुसऱ्याच कोणाचं स्टिकर. लॉकडाउनमध्ये मला काम काय, स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून कोण खोकतंय, कोणाकडे पाहुणे आले, ते बघायचं. वैशाली म्हणायची, बाबा, तुम्ही वॉचमन झालात. नातू डचमध्ये काहीतरी बोलला, मायलेक हसले, मला कोणी सांगितलं नाही.

एक दिवस लिफ्टवाला आला. जिन्यात उभा राहून मी बघितलं, त्याने कार्ड काढलं, दुसरं बसवलं, आणि काढलेलं सरळ पिशवीत. कोणाला दाखवणं नाही, काही नाही. मी वर येऊन वैशालीला म्हणालो, घरमालकांच्या संघाला कळव, माणूस चोर आहे. तिने लगेच ईमेल लिहिली, आणि पाठवायच्या आधी विचारलं, बाबा, नक्की ना? बिचाऱ्याची नोकरी जाईल.

थांब, म्हणालो. मास्क लावला आणि खाली गेलो.

अनिल नाव त्याचं, सुरीनामचा, म्हणजे डचांच्या जुन्या वसाहतीतला, त्याचे पणजोबा बिहारकडचे, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी येत होतं. विचारलं तर हसला. म्हणाला, अंकल, हे आता कुठेच बनत नाही, हे मी घरी दुरुस्त करणार आणि टिलबर्गला अशीच एक म्हातारी लिफ्ट आहे, तिला बसवणार. दाखवलं का नाहीस, म्हटलं. म्हणाला, दाखवणार कोणाला, कोरोनात दार कोण उघडतंय?

मी वर आलो, वैशालीला ईमेल पुसायला लावली, आणि सावंतच्या पुतण्याकडून नंबर मिळवून फोन लावला.

कोण राणे? काय पाहिजे? सावंतने पहिलं हेच विचारलं. मी सगळं सांगितलं. त्याला खरं वाटेना. म्हणाला, आत्ताच कसं रे आठवलं? इथे रोज कोणीतरी जातंय, मरायची भीती वाटायला लागली काय? म्हटलं, वाटते. म्हणाला, मग मला काय सांगतोस, मी चोर नाही हे मला माहीत आहे. त्यांना सांग.

जुन्या लोकांच्या ग्रुपवर सांगितलं. दोघांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकाने विचारलं, राणे, तब्येत बरी आहे ना? दुसरा म्हणाला, हे तुमच्याकडून कोण वदवून घेतंय? बरोबर आहे, संशय घ्यायला मीच शिकवलं त्यांना.

म्हणून तुम्हा छापणाऱ्यांना बोलावलं. लिहा, शंकर सावंत चोर नव्हता. दादरच्या बाळंतिणींची लिफ्ट त्याने चालू ठेवली, मी नाही. सावंत म्हणालाय, छापून येईल तेव्हा सुनेकडून वाचून घेईन, तोवर विश्वास नाही. नसू दे. तेवढं वाचेपर्यंत देवाने त्याला धडधाकट ठेवावं. आणि माझं नाव गाळू नका, कोणी सांगितलं ते कळायला हवं.