गाडीखालचं कोटिंग

गॅरेजच्या बाकावर शिक्षिकाबाई स्कूटरची वाट बघत होत्या. शेजारी आजी-आजोबा बोलत होते, आणि कान काही मिटता येत नाहीत.

"खालून कोटिंग मारलं की खाऱ्या पाण्याचा बाप आला तरी गंज चढत नाही. आता खुशाल किनाऱ्यावर गाडी घालू."

"मागच्या वर्षीही हेच म्हणाला होतात."

"मग, गेलो नाही का?"

"गेलो की! गाडी वर रस्त्यावर सावलीत, आणि मी पिशव्या घेऊन वाळूत."

"भरती होती गं."

"त्याच्या आदल्या वर्षी ओहोटी होती, तर म्हणे वाळू ओली आहे!"

"खारं पाणी पत्रा खातं. तुला नाही कळायचं."

"मग माझ्या गुडघ्यांनाही एक हात कोटिंग मारून घ्या."

"या वेळी नक्की नेतो. शप्पथ!"

मेकॅनिक किल्ली घेऊन आला. आजोबांनी हात पुढे केला, पण आजींचा आधीच पुढे होता.

"तुम्ही शेजारी बसा. हवं तर डोळे मिटून घ्या."